महाविद्यालयाचे महाद्वार : अमेरिकेतील प्रवेशपद्धतीचा इतिहास आणि आपल्या मुलांस चार शब्द

आपल्या ज्ञातीचा विस्तार आता पुणे, मुंबई, नागपूर एवढ्यापुरता राहिलेला नाही. गेल्या दोन पिढ्यांत अनेक घरांतील मुलगे व मुली अमेरिकेत जाऊन स्थिरावल्या, आणि त्यांची अपत्ये आज तेथील शाळेच्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या इयत्तेत येऊन ठेपली आहेत. इकडूनही बारावीनंतर थेट तिकडच्या महाविद्यालयात जाऊ इच्छिणारी मुले मंडळाच्या शिक्षण निधीकडे चौकशी करीत असतात. मार्च महिना सरत आला की या घरांतून एकच विषय असतो : अमक्या महाविद्यालयाचे उत्तर आले काय? होकार आलेल्या घरी पेढे वाटले जातात. नकार आलेल्या घरी मात्र काही अशुभ घडल्यासारखी शांतता पसरते. सतरा-अठरा वर्षांचे मूल त्या शांततेत बसून, आपण नालायक ठरलो, असा अर्थ काढते. हा अर्थ खरा आहे काय, याचा विचार इतिहासाच्या आधारे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. शाळेत इतिहास व भाषा शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. अमेरिकेतील महाविद्यालयाची पायरी आम्ही चढलेली नाही. तेव्हा हमखास प्रवेश मिळवून देणारी युक्ती आमच्यापाशी नाही, आणि ती कोणापाशी असेल असे आम्हांस वाटतही नाही. परंतु ते दार कोणी बांधले, कोणासाठी अरुंद केले व कोणासाठी रुंद केले, हे इतिहास सांगू शकतो. आणि दाराची घडण कळली म्हणजे त्यापुढे उभे राहणाऱ्याची निम्मी भीती कमी होते.

लॅटिनचे दिवस

अमेरिकेतील सर्वांत जुने महाविद्यालय हार्वर्ड. त्याची स्थापना इ. स. १६३६ मध्ये झाली. म्हणजे आपल्याकडे शिवछत्रपती अगदी बाळ होते तो काळ. पुढील दहा वर्षांच्या आतच तेथे जे नियम झाले, त्यांत प्रवेशाची अट अशी होती की, विद्यार्थ्यास सिसेरो किंवा तत्सम लॅटिन ग्रंथकार पाहताक्षणी समजला पाहिजे, लॅटिनमध्ये गद्यपद्य रचना करता आली पाहिजे, आणि ग्रीक नामे व धातू चालविता आले पाहिजेत. आपल्याकडील पाठशाळेत रूपावली व अमरकोश येत असल्याशिवाय पुढचा पाठ मिळत नसे, त्यातलाच हा प्रकार. मुलाची बुद्धी किती, हा प्रश्नच नव्हता. लॅटिन येते की नाही, एवढाच प्रश्न होता. अर्थात ज्या घरी लॅटिन शिकविणारा गुरू ठेवण्याची ऐपत असे, त्याच घरचे मूल आत जाई.

पुढे अशी महाविद्यालये वाढली. येल १७०१ साली, प्रिन्स्टन १७४६ साली, कोलंबिया १७५४ साली निघाले. प्रत्येकाची परीक्षा निराळी, पुस्तके निराळी, दिवसही निराळे. शाळेच्या मुख्याध्यापकास एकाच वर्गातील पाच मुलांची तयारी पाच प्रकारांनी करून घ्यावी लागे. मिशिगन विद्यापीठाने १८७० च्या सुमारास निराळी वाट काढली : चांगल्या शाळांची तपासणी करावयाची, आणि त्या शाळांनी उत्तीर्ण केलेल्या मुलांस परीक्षेवाचून घ्यावयाचे. अमेरिकेच्या मध्य व पश्चिम भागातील सरकारी विद्यापीठांनी हीच वाट पुढे रुंद केली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही त्या देशात एकच दार नव्हते; अरुंद दारे होती आणि रुंदही होती. आजही तसेच आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

कल्याणच्या कन्येचा अर्ज

याच काळात एका महाराष्ट्रीय तरुणीने अमेरिकेतील महाविद्यालयाकडे अर्ज केला. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याण येथे झाला. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, आणि जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या. न्यू जर्सीमधील रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी राहून त्यांनी त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास पत्र लिहिले. ते पत्र आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मनन करण्यासारखे आहे. आपले वय अठरा आहे. आपली पूर्वतयारी महाविद्यालयाच्या सर्व अटी पूर्ण करील असे नाही. परंतु आपल्या देशातील ज्या स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपणांस हे शिक्षण हवे आहे. आणि स्वकीयांचा व जातीचा एकवटलेला विरोध मोडून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो, तो निश्चय पुढेही कामी येईल. असा त्या पत्राचा आशय आहे.

महाविद्यालयाने त्यांस प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि पुढील वर्षी २६ फेब्रुवारी रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांना पुरे बावीस वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस एक गोष्ट टाळता येत नाही : त्या अर्जात ज्ञातीचा उल्लेख आला तो साहाय्यकर्ती म्हणून नव्हे, विरोधक म्हणून. आज आपण निधी गोळा करतो, सत्कार करतो, हे चांगलेच. परंतु ज्ञातीने मुलांच्या वाटेत उभे राहू नये, हे तिचे पहिले कर्तव्य आहे, याची आठवण त्या पत्राने द्यावी.

मंडळाची परीक्षा, आणि नावाची चौकशी

१९०० साली हार्वर्डचे एलियट व कोलंबियाचे बटलर प्रभृतींच्या प्रयत्नाने कॉलेज एंट्रन्स एक्झॅमिनेशन बोर्ड स्थापन झाले, व जून १९०१ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. तीस ९७३ विद्यार्थी बसले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित, रसायन व पदार्थविज्ञान हे विषय होते. उत्तरे सविस्तर लिहावयाची असत. एक प्रश्नपत्रिका, एक तपासणी. ज्यास गुण त्यास प्रवेश. आपल्याकडील मॅट्रिकप्रमाणेच हा सरळ हिशेब होता.

या सरळ हिशेबाचा जो परिणाम झाला तो चालकांना रुचला नाही. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब यहुदी कुटुंबांची मुले न्यूयॉर्क, बोस्टनच्या सरकारी शाळांत शिकून या परीक्षेत उत्तम गुण मिळवू लागली. १९२२ साली हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण एक-पंचमांशाहून अधिक झाले होते. तेव्हाचे अध्यक्ष लॉवेल यांनी हे प्रमाण शेकडा १५ वर बांधून टाकावे असे सुचविले. उघड मर्यादा घालण्यास विरोध झाला. तेव्हा ती आडवाटेने आली. प्रवेशाच्या अर्जात नवे प्रश्न घालण्यात आले : वंश व वर्ण कोणता? धर्म कोणता? आईचे माहेरचे आडनाव काय? वडिलांचा जन्म कोठला? जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय? पुढे छायाचित्र आले, मुलाखत आली, शिफारसपत्रे आली. १९२६ साली वर्गाची संख्या एक हजारावर बांधण्यात आली, आणि केवळ गुण न पाहता विद्यार्थ्याचे 'चारित्र्य' पाहावयाचे असे ठरले. यहुदी मुलांची संख्या त्यानंतर लक्षणीयपणे घटली. येल व प्रिन्स्टन यांनीही अशाच वाटा चोखाळल्या, आणि कोलंबियाने तर त्याआधीच.

आज ज्या गोष्टींना पालक प्रवेशाची शास्त्रशुद्ध अंगे समजतात, त्यांपैकी निबंध, मुलाखत, शिफारस व माजी विद्यार्थ्यांच्या मुलांस झुकते माप यांची मुळे बव्हंशी या दशकात आहेत. त्या साधनांचा पुढे चांगलाही उपयोग झाला, हे आम्ही नाकारीत नाही. खेड्यातील वा गरीब वस्तीतील मुलाचे कष्ट गुणपत्रिकेत दिसत नाहीत ते निबंधात दिसतात. परंतु 'चारित्र्य' हा शब्द ज्याच्या हाती मोजपट्टी त्याच्या सोयीने वापरला जाऊ शकतो, हे इतिहासाने दाखविले आहे. आणि आडनाव विचारून माणसाची किंमत ठरविण्याची खोड केवळ हार्वर्डची होती, असे म्हणण्याचे धाडस निदान आपण करू नये.

या काळाशी दोन थोर महाराष्ट्रीयांचा संबंध येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ते पदवीनंतरच्या अभ्यासासाठी गेले होते, म्हणून त्यांची वाट निराळी. परंतु सेलिग्मनसारख्या अध्यापकांपाशी त्यांनी जे ज्ञान संपादन केले, त्याचे फळ सर्व भारतास मिळाले. १९१५ साली ते तेथे एम. ए. झाले. दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात जन्मलेला हा मुलगा वडिलांबरोबर लहानपणीच अमेरिकेस गेला, केंब्रिज येथील सार्वजनिक शाळेत शिकला, आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी सर्वोच्च सन्मानासह घेऊन बाहेर पडला. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात व टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी जे कार्य केले ते सर्वश्रुत आहे. या दोघांच्याही बाबतीत विद्यापीठाच्या नावाने त्यांस मोठे केले असे म्हणण्यापेक्षा, त्या ग्रंथालयांत व वर्गांत त्यांनी जो वेळ घालविला त्याने त्यांस घडविले असे म्हणणे अधिक योग्य होईल.

बुद्धीची मोजणी

२३ जून १९२६ रोजी अमेरिकेत एक नवी परीक्षा प्रथमच घेण्यात आली. स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट, म्हणजेच आजची 'सॅट'. पहिल्या वेळी ८,०४० विद्यार्थी बसले. तिचे जनक प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम. त्यांनी १९२३ साली एक ग्रंथ लिहून उत्तर युरोपातील वंश बुद्धीने श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन केले होते. आणि १९३० साली स्वतःच जाहीरपणे ते प्रतिपादन निराधार असल्याचे मान्य केले. विद्वानाने आपले मत मागे घेणे ही दुर्मीळ व गौरवाची गोष्ट होय. परंतु परीक्षा मात्र पुढे चालू राहिली.

तिचा उत्तम उपयोगही झाला. हार्वर्डचे पुढील अध्यक्ष कोनंट यांनी १९३४ साली दूरच्या प्रांतांतील, साध्या घरांतील हुशार मुलांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या, आणि निवडीसाठी हीच परीक्षा वापरली. इलिनॉय प्रांतातील जेम्स टोबिन हा मुलगा या शिष्यवृत्तीवर १९३५ साली हार्वर्डमध्ये आला. त्यास १९८१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुन्या सविस्तर उत्तरांच्या परीक्षा बंद पडल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. १९४७ साली परीक्षा घेणारी स्वतंत्र संस्था निघाली. १९५९ साली आयोवा प्रांतातून 'ॲक्ट' ही दुसरी परीक्षा आली. आणि परीक्षेमागोमाग शिकवणीही आली. ब्रुकलिनमधील स्टॅन्ली कॅप्लन यांनी १९४६ सालापासून या परीक्षेची तयारी करून देण्यास आरंभ केला. शिकवणीने गुण वाढत नाहीत असे परीक्षा घेणारे सांगत, आणि शिकवणीचे वर्ग भरत राहिले. आपल्याकडील वाचकांस हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

गर्दी, न्यायालय आणि नवे नियम

महायुद्धानंतर माजी सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणखर्च मिळाला, आणि महाविद्यालये भरून गेली. कॅलिफोर्निया प्रांताने १९६० साली योजना केली : शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी वरच्या एक-अष्टमांशास मुख्य विद्यापीठात जागा, वरच्या एक-तृतीयांशास प्रांतिक महाविद्यालयांत, आणि उरलेल्या सर्वांस स्थानिक महाविद्यालयांत, तेथे उत्तम काम करणाऱ्यास पुढे विद्यापीठात जाण्याची वाट मोकळी. येल व प्रिन्स्टन यांनी पदवीच्या वर्गात मुलींना घेण्यास १९६९ साली आरंभ केला. कोलंबिया कॉलेजने तर १९८३ साली. १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी मिळून एकच सामायिक अर्ज तयार केला. आज तो एक हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात. अर्ज करणे सोपे झाले, म्हणून प्रत्येक मुलगा अधिक ठिकाणी अर्ज करू लागला; अर्ज वाढले, जागा तेवढ्याच राहिल्या; नकार वाढले, म्हणून भीती वाढली; आणि भीतीने आणखी अर्ज वाढले. २०२४ साली हार्वर्डकडे सुमारे ५४ हजार अर्ज आले व दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांस होकार मिळाला. शंभरांत चार देखील नाहीत! या नकार मिळालेल्यांत हजारो मुले अशी होती की जी तेथील अभ्यासक्रम सहज पार पाडू शकली असती.

कृष्णवर्णीयांस व अन्य वंचितांस प्रवेशात झुकते माप द्यावे काय, हा वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला. १९७८ साली बॅकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा अमान्य केल्या, परंतु अनेक गोष्टींपैकी एक म्हणून वंशाचा विचार करण्यास मुभा दिली. २००३ साली ही मुभा कायम राहिली. २९ जून २०२३ रोजी न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यांच्या खटल्यांत ती काढून घेतली. हार्वर्डच्या खटल्यात असे दिसून आले होते की, आशियाई वंशाच्या अर्जदारांस 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण सरासरीने कमी पडत. हेतुपुरस्सर अन्याय झाल्याचे खालच्या न्यायालयाने मानले नव्हते. तरी शंभर वर्षांपूर्वीच्या 'चारित्र्या'ची आठवण अनेकांस झाली. आपल्या घरांतून या निकालाविषयी फार बोलले जाते. त्या संतापात तथ्य नाही असे नाही. परंतु त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे की, चेट्टी, डेमिंग व फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवून दिल्याप्रमाणे, परीक्षेत समान गुण असताही अतिश्रीमंत एक टक्का घरांतील मुलांस या अतिनिवडक महाविद्यालयांत शिकावयास जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. तेव्हा दाराशी अडथळा कोणाचा, याचा शोध घेताना केवळ आपल्यापेक्षा गरिबाकडे बोट दाखविणे न्याय्य होणार नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये तर याहून लाजिरवाणा प्रकार उघडकीस आला. धनाढ्य पालकांनी लाच देऊन मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त करविल्या होत्या, आणि जे मूल कधी खेळले नाही ते खेळाडू असल्याचे खोटे पुरावे तयार करविले होते. अनेकांस तुरुंगवास झाला. २०२० च्या साथीत बहुतेक महाविद्यालयांनी परीक्षेची सक्ती सोडली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने २०२२ साली ती पुन्हा आणली. डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ साली तसेच जाहीर केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र २०२१ सालापासून हे गुण पाहणेच बंद केले. ज्या प्रांताने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांस मिळणारे झुकते माप खाजगी महाविद्यालयांतही बंद करण्याचा कायदा २०२४ साली केला, तोही हाच.

इतिहासातून काय शिकावे?

एवढा इतिहास सांगितला तो पांडित्यासाठी नव्हे. त्यातून जे चार बोध आम्हांस दिसतात ते मुलांपुढे व पालकांपुढे ठेवतो.

पहिला बोध असा की, नकार म्हणजे योग्यतेचा निवाडा नव्हे. एकाच मुलास १६५० साली लॅटिनसाठी, १९०१ साली गुणांसाठी, १९२६ साली आडनावासाठी, आणि आज केवळ गर्दीमुळे बाहेर ठेवले गेले असते. मोजपट्टी इतक्या वेळा बदलली, तिच्यावरून मुलाने स्वतःची उंची ठरवू नये.

दुसरा बोध, यादी विचारपूर्वक करावी. ज्या महाविद्यालयांत प्रवेश जवळजवळ निश्चित आहे अशी दोन, ज्यांत आपल्यासारखी बरीच मुले घेतली जातात अशी चार-पाच, आणि दुरापास्त अशी दोन-तीन. एवढी यादी पुष्कळ झाली. परंतु निश्चित वाटणारी दोन अशी असावीत की जेथे मूल आनंदाने जाईल. प्रांताचे सरकारी विद्यापीठ हा पराभव नव्हे. स्टेसी डेल व ॲलन क्रूगर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, निवडक महाविद्यालयात प्रवेश मिळूनही अन्यत्र गेलेल्या मुलांची पुढील मिळकत बहुधा कमी झाली नाही. गरीब घरांतील मुलांस मात्र निवडक महाविद्यालयाचा विशेष लाभ झाला. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या अभ्यासाने याच्या दुसऱ्या बाजूसही थोडे वजन दिले : सरासरी मिळकतीत फारसा फरक पडत नसला, तरी अत्युच्च पदांपर्यंत पोहोचण्याची शक्यता त्या नावांनी वाढते. दोन्ही गोष्टी खऱ्या धरून चालावे. नाव उपयोगी पडते. पण मूल नावापेक्षा मोठे आहे.

तिसरा बोध पैशाचा. कर्जाचा डोंगर करून नाव विकत घेऊ नये. तिकडे छापील शुल्क एक व प्रत्यक्ष द्यावे लागणारे दुसरे असते. २०११ सालापासून प्रत्येक महाविद्यालयास आपल्या संकेतस्थळावर कुटुंबाच्या उत्पन्नावरून अंदाजी खर्च काढण्याचे साधन ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तिकडे स्थायिक असलेल्या पालकांनी यादी करण्यापूर्वी ते वापरावे. इकडून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता प्रवेश देऊन मग सर्व गरज भागविणारी महाविद्यालये अगदी मोजकी आहेत. इतरत्र साहाय्य मागितल्याने प्रवेशाची शक्यता घटू शकते. 'अर्ली डिसिजन' नावाचा आगाऊ अर्ज केला असता होकार बंधनकारक असतो. दुसरीकडील साहाय्याशी तुलना करण्याची संधी राहात नाही. ज्या घरी रुपयाचा हिशेब करावा लागतो, त्यांनी ही सही विचार केल्याशिवाय करू नये.

चौथा बोध निबंधाचा, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सामायिक अर्जातील निबंध ६५० शब्दांहून मोठा चालत नाही. त्यात काय लिहावे? आनंदीबाईंनी लिहिले तेच : मी कोण, माझ्यात काय कमी आहे, मला हे शिक्षण कशासाठी हवे, आणि येथवर मी कशी आले. त्यांनी आपली उणीव लपविली नाही, आणि आपल्या निश्चयाची किंमतही कमी सांगितली नाही. हल्ली निबंध लिहून देणारे सल्लागार भरमसाट पैसे घेतात. यंत्रेही क्षणात लिहून देतात. उसन्या वाक्यांनी प्रवेश मिळाला तर मुलाच्या मनात कायमची शंका राहते की, दार उघडले ते आपल्यासाठी की दुसऱ्या कोणासाठी. उलट स्वतः लिहिलेल्या निबंधावर नकार आला, तरी सतराव्या वर्षी स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहण्याचा जो अभ्यास झाला तो वाया जात नाही. हेच उपक्रमांविषयी. अर्जात दहा उपक्रमांस जागा असते म्हणून दहा उपक्रम गोळा करू नयेत. एक वा दोन कामे वर्षानुवर्षे मनापासून केलेली असावीत. मग ते आजीची शुश्रूषा असो, धाकट्या भावंडांचा अभ्यास असो किंवा दुकानात वडिलांना केलेली मदत असो. घरकामास व कष्टास त्या अर्जात मानाचे स्थान आहे, हे आपल्या पालकांस बहुधा ठाऊक नसते. शिफारसपत्र मागावयाचे तर ज्या शिक्षकाने मुलास अडखळताना व सावरताना पाहिले आहे, त्याच्याकडे मागावे. आणि पुरेसे आधी, नम्रतेने मागावे. आम्ही शिक्षक होतो म्हणून सांगतो : शेवटच्या दिवशी मागितलेले पत्र कोरडेच उतरते.

मंडळास एक विनंती

सरतेशेवटी आपल्या मंडळास एक नम्र सूचना. वार्षिक गुणगौरव समारंभात प्रसिद्ध महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्यांची नावे व्यासपीठावरून वाचली जातात. ज्यांची नावे वाचली जात नाहीत तीही मुले समोर बसलेली असतात, आणि त्यांचे आईबापही. पंधरा वर्षांच्या मुलास ज्ञाती कशाला मोठे म्हणते हे अशा प्रसंगी कळते, आणि मग तो त्या नावांच्या मागे धावतो. आमचे म्हणणे असे की, गौरव प्रवेशाचा न करता पूर्ण केलेल्या अभ्यासाचा करावा. स्थानिक महाविद्यालयातून शिकून परिचारिका झालेली मुलगी, रात्री काम करून सरकारी विद्यापीठाची पदवी घेतलेला मुलगा, इकडे तालुक्याच्या महाविद्यालयात पहिली पदवीधर झालेली सून, या सर्वांस तोच नारळ व तीच शाल मिळावी. आणि शिक्षण निधीतील साहाय्य महाविद्यालयाच्या कीर्तीवरून न देता कुटुंबाच्या गरजेवरून द्यावे. कोनंट यांनी १९३४ साली जे केले, व सयाजीराव महाराजांनी त्याच्याही वीस वर्षे आधी केले, ते याहून निराळे नव्हते : ज्याच्यापाशी गुण आहे व पैसा नाही, त्यास हात देणे.

मुलांनो, तुम्हांस एवढेच सांगतो. अर्ज स्वतः लिहा, वेळेवर पाठवा, आणि पाठविल्यावर पुन्हा अभ्यासास लागा. दारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी जे उघडेल त्यातून मान ताठ ठेवून आत जा, आणि आत गेल्यावर ग्रंथालय कोठे आहे ते आधी विचारा. पालकांनो, पत्र कोणतेही येवो, त्या रात्री घरी नेहमीचाच स्वयंपाक व्हावा आणि मुलाशी नेहमीचेच बोलणे व्हावे. इत्यलम्.